चवळीची चार पिंपं

४ फेब्रुवारी
कोठाराची किल्ली मिळाली. यंदा संस्कृतला एकही विद्यार्थी आला नाही, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी मला वसतिगृहाचा कोठारप्रमुख नेमलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं! सव्वीस वर्षं रूपं चालवली, आता डाळी चाळायच्या.

६ फेब्रुवारी
दोनशे किलो चवळी आली. स्वयंपाकाच्या मावशींनी मूठभर उचलून माझ्या नाकासमोर धरली. दाण्यांवर बारीक पांढरे ठिपके – भुंग्याची अंडी. शेतातूनच येतात म्हणे. चांगलं ऊन दिल्याशिवाय भरायची नाही. मावशी म्हणजे चालतंबोलतं शास्त्र. फक्त सूत्र सांगताना कमरेवर हात असतो. दोन दिवस गच्चीवर वाळवण.

८ फेब्रुवारी
चार वाजता चवळी हाताला चटके देत होती. म्हटलं, भरा. मावशी म्हणाल्या, आत्ता नको. रात्रभर जेवणघरात चादरींवर पसरून निवू दे, सकाळी तेलाचा हात लावून काठोकाठ भरू. पण पिंपं कोठारात, कोठाराची किल्ली माझ्याकडे, आणि मी पाचला घरी जातो. जेवणघराला कुलूप नाही. दोनशे किलो माल, रात्रभर उघड्यावर – आणि मावशींचं घर मागच्याच गल्लीत. तसं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "मोजलेला माल आहे, मावशी."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भरायला लागल्या. चार पिंपं, प्रत्येक पाऊण भरलेलं. झाकणं मी स्वतः आवळली. पाच किलो तेवढी त्यांनी मागून घेतली, अडीनडीला स्वयंपाकघरात असू दे म्हणून. ती त्यांच्या पद्धतीने भरणार. भरोत.

९ फेब्रुवारी
मावशी कालपासून कामापुरतंच बोलतात. बरं आहे, शांतता आहे.

२४ मार्च
पहिलं पिंप उघडलं. आधी वास आला, मग भुंगे. वरचा थर बुरशीने ढेकूळ झालेला, खाली मुठीत घ्यावा तो दाणा भोकाचा. उरलेली तिन्ही तशीच! एकशे पंच्याण्णव किलो चवळी फेकायची. किड्याला संस्कृतात शब्द आठवले चार-पाच. उपाय एकही आठवला नाही.

२५ मार्च
बाईंना लेखी अहवाल हवा होता. दोष कोणाचा, तेवढं लिहा, म्हणाल्या. लिहिला. 'पाकगृहातील कर्मचाऱ्यांच्या अक्षम्य अनवधानामुळे...' वाक्य देखणं झालं, नाकारत नाही. मावशींच्या डब्यात एकही भुंगा निघाला नाही, तेही लिहिलं – स्वतःच्या डब्याची काळजी घेतली, संस्थेच्या मालाची नाही.
बाईंनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, मग मावशींना ठेवायचं कशाला? एक तारखेपासून दुसरी बाई बघते.
मी 'बघा तुम्हीच' म्हणालो. तेवढ्यात चहा आला. तो प्यालोसुद्धा.

२८ मार्च
धान्याचा व्यापारी पिंपं बघायला आला. किडका माल दिला म्हणून त्याला खडसवायचं मी मनात पाठ करून ठेवलं होतं. त्याने झाकण उलटं केलं आणि आतल्या वाळलेल्या पाण्याच्या डागांवरून बोट फिरवलं.
"गरमच भरलीत ना, सर?"
हो, म्हटलं, उन्हातून थेट. त्यात काय?
"आत निवताना तिला पाणी सुटलं. वर पाव पिंप रिकामं. किड्याला ओल दिलीत, हवा दिलीत. आता फक्त उशी द्यायची राहिली." मग म्हणाला, "मावशी होत्या ना तिथे? त्यांनी सांगितलं नाही?"
सांगितलं होतं, असं म्हणायला मला वेळ लागला.

२९ मार्च
रविवार. दिवसभर घरात. जेवताना बायकोने विचारलं, काय बिनसलंय? म्हटलं, कोठाराचं काम. ती म्हणाली, एवढंसं काम आणि तोंडही एवढंसं!

३० मार्च
बाईंकडे जाऊन अहवाल मागे घेतला. कबुली लिहून दिली – गरम मी भरायला लावली, मावशींनी अडवलं होतं. तीन ओळी. एकही समास नाही. बाईंनी किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. म्हणाल्या, मावशींना राहू द्या. निरोप तुम्हीच द्या, शोभेल तुम्हाला.

३१ मार्च
मावशींच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं – अहवाल, कबुली, उद्यापासूनही कामावर या म्हणून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पाणी दिलं.
"चवळीचं मनाला लावून घेऊ नका, सर. मी जाणारच होते. फेब्रुवारीतच दुसरीकडे कामाचं सांगून ठेवलं होतं."
कोणत्या तारखेला, ते विचारवलं नाही.