मायचा धम्मदीप

प्रिय धम्मदीप,

पत्र पाहून दचकू नको, माय बरी आहे. तुझ्या घरून आणली तेव्हापेक्षा लाख पटीनं बरी आहे, हे आधीच ऐकून घे.

यंदाही कपाशीवर लाल्या रोग आला, गावात आता काय ठेवलंय, असं म्हणत तू तिला अमरावतीला नेलंस. नेलंस ते नेलंस, पण तिची बाज भंगारात दिलीस, लुगडं सोडवून तिला गाऊन घालायला लावलास आणि बाबासाहेबांचा जुना फोटो काढून सोनेरी चौकटीतला नवा लावलास. रोज संध्याकाळी त्या जुन्या फोटोसमोर त्रिशरण म्हणणारी बाई ती. तिला नवा ओळखूच येईना. जुना शोधत बिचारी बडनेऱ्यापर्यंत चालत गेली, आणि तू काय केलंस? बाहेरून कडी! चार महिने! लाज कशी वाटली नाही रे तुला?

इथं बार्शीटाकळीला, गावच्या घरी, मी सगळं होतं तिथं ठेवलं. तशीच बाज, तिचं डोकं दाराकडे, पाण्याचा गडू डाव्या हाताला. उजाडलं की चहा, मग ओट्यावर तूर निवडणं. निवडलेलीच तूर मी रोज पुन्हा सुपात टाकते. मी अंगणवाडीतून येईपर्यंत शेजारची रजियाबी जवळ बसते. बाबा कुठे गेले असं तिनं विचारलं, तर मी वावरात गेले म्हणते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिला रोज नव्यानं कशाला रडवू?

रजियाबीचा मुलगा मोहसीन शिलाईचं दुकान बंद करून रोज सहाला येतो, मायचे पाय चेपतो. माय त्याला धम्मदीप म्हणते. पहिल्या दिवशी तो कावराबावरा झाला, मीच खुणावलं, हो म्हण. आता 'आला का रे बापा, जेवला का?' म्हटलं की तो हो म्हणतो. आधी मी हे तिच्या समाधानासाठी केलं. आता खरं सांगू? तुझ्यावरच्या रागानं करते, आणि मला फार बरं वाटतं.

काल तुझा निरोप मिळाला. रविवारी नव्या घराच्या कार्यक्रमाला तिला न्यायला गाडी घेऊन येतोस म्हणे, साहेबलोक आई कुठे आहे विचारतात म्हणून. गाडी आणू नको. ती या घरातून हलणार नाही. यायचंच तर एकटा ये, सहानंतर. मोहसीन पाय चेपत असेल, माय तुला विचारेल, कोन होय बापा तू? तिला चूक म्हणायचं नाही, घाबरते ती. धम्मदीपचा दोस्त आहे म्हणून सांग, पाणी पी, आणि वापस जा.

अजून तरी तुझीच,
ललिताताई