गेंड्याच्या आतला माणूस

३ मार्च
आजपासून रोजनिशी. घडलंच तसं! मुलांच्या मतांवर ठरणाऱ्या टीव्ही पुरस्कारांत 'सर्वांत लाडकं पात्र' म्हणून आमच्या मालिकेतल्या गेंड्याला नामांकन. गेंडा म्हणजे मी. चार वर्षं त्या पोशाखात मीच उकडून निघतोय. आवाज एक बाई देतात, पण आवाजाचं काय एवढं? गेंड्याचा अभिनय कमरेत असतो.
बायकोला म्हटलं, आता जगाला माझा चेहरा दिसणार. ती म्हणाली, मग दाढी कर.

४ मार्च
संकल्प: पाच किलो कमी करणे. भाषण पाठ करणे. कुणाकडेही मत मागायचं नाही. कलावंताने हात पसरू नयेत.

६ मार्च
लेकीला आणायला शाळेत गेलो. खिशात सहज चाळीस चॉकलेटं होती. तिच्या वर्गाला सांगितलं, मीच गेंडा. एकाने विचारलं, शिंग कुठंय? फाटकातच नाचून दाखवलं. वॉचमनने माझं नाव वहीत लिहून घेतलं. चाहता असावा.

९ मार्च
वजन दीड किलो वाढलं. उरलेली चॉकलेटं टाकून थोडीच देणार?

११ मार्च
निर्मात्या बाईंचा फोन. सोहळ्याला पोशाख घालून या म्हणाल्या. साफ नकार दिला. आलो तर सूटमध्येच! बाई म्हणाल्या, बरं, युनिटचा ड्रायव्हर घालेल, त्याला अंगाबरोबर बसतो. मनातल्या मनात हसलो. चार वर्षांची तपश्चर्या ड्रायव्हरला जमणार? पोरं दोन मिनिटांत ओळखतील.
लेकीला यातलं काही सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ मार्च
भाषण अकरा मिनिटांचं झालंय. बायकोला वाचून दाखवलं. तिला डुलकी लागली. भारावली बिचारी.

१७ मार्च, दुपारी ४
सूट पोटावर आवळतोय. श्वास रोखला की बटण लागतं. सभागृहात सगळ्या मुलांना पुढे बसवलंय, लेकही तिकडेच. आम्ही दोघं चौदाव्या रांगेत. इथून मंचापर्यंत चालायला वेळ लागेल. तेवढ्याच टाळ्या जास्त.

१७ मार्च, संध्याकाळी ७
जिंकलो! उठलो तर बटण उडालं. ते शोधेपर्यंत गेंडा मंचावर. ड्रायव्हरला पोशाखाच्या नाकपुडीतून बघायची सवय नाही. पायरीला अडखळला, कोलांटी खाल्ली, पाठीवर पडून पाय झाडू लागला. पोरं खुर्च्यांवर उभी राहून किंचाळत होती. कुणीही ओळखलं नाही.
मी पँट धरून निघालो. सिक्युरिटीवाला म्हणाला, पालकांनी जागेवर बसा. इतक्यात एक मुलगी मंचावर धावत गेली आणि गेंड्याला बिलगली. आमचीच. निवेदकाने माईक पुढे केला. ती म्हणाली, हे माझे बाबा आहेत.
गेंड्याने मान हलवली. नाहीतरी तो बोलत नाही.
मी ओरडलो, मी इथे आहे! टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

१८ मार्च
नाश्त्याला लेकीने विचारलं, बाबा, एवढ्या पटकन कपडे कसे बदललेस? खरं सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, काल तू नेहमीपेक्षा खूप भारी होतास. थँक्यू म्हणालो. बायको चहाच्या कपात बघत राहिली. फार वाईट वाटलं. त्या मिठीसाठी तरी आत असायला हवं होतं.
सोमवारी सातला शूटिंग. सहालाच जायचं. ड्रायव्हरकडून ती कोलांटी शिकून घ्यायची आहे.