आबा, डॉक्टर मला विचारत होते

नंदुरबार, मंगळवार

प्रिय आबा,

फोनवर काही सांगायला गेले की तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग काय चिडायचं ते चिड.

लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, दिपाली अठराची झाली, तिच्या सिकलसेलचे उपचार आता मोठ्यांच्या ओपीडीत. तर तू त्यांच्याशीच भांडलास. जणू माझं वय त्यांनी वाढवलं! मग गेल्या महिन्यात ते नवे डॉक्टर. त्यांनी मला विचारलं, कुठे दुखतं? तू म्हणालास, गुडघे. गोळी रोज घेतेस? तू म्हणालास, एक चुकत नाही. पाळी वेळेवर येते का, यालासुद्धा तूच तोंड उघडलंस, आबा! धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. त्यांनी तुला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं, तर तू खुर्ची सोडेचनास. "मन्ही पोर शे, माले सर्व माहीत शे."

तुला सर्व माहीत नाही. रोज होस्टेलच्या मेसमध्ये बसले की गोळी घेतली का म्हणून तुझा फोन, "गोयी लिधी का?" मुली ऐकतात, हसतात. मी "हो" म्हणायचे. जूनपासून नुसतंच "हो" म्हणत होते, गोळ्या पेटीत तशाच पडून. ऑगस्टमध्ये हाडं ठणकून पाच दिवस ॲडमिट होते, तेव्हा तू तळोद्याच्या जीपच्या फेऱ्या बंद ठेवून उशाशी बसलास आणि गोळ्याच खराब म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्यास. मी गप्प राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

आज मी एकटीच गेले. तुला मुद्दाम उद्याची तारीख सांगितली होती. बाकावर बसून नंबराची वाट पाहिली आणि डॉक्टरांना खरं ते सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू केली, पंधरा दिवसांनी बोलावलंय. तेव्हाही एकटीच जाणार. तू जीप घेऊन आलास तर वळूनही बघणार नाही, सांगून ठेवते.

पण एका ठिकाणी मी अडले. डॉक्टरांनी जुन्या कागदांवरून विचारलं, चार वर्षांची असताना काय झालं होतं, रक्त किती वेळा चढवलं, तेव्हा काही त्रास झाला होता का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तू आणि आई त्या दिवसांबद्दल कधी बोलतच नाही. रविवारी घरी येतेय. सगळं सांग आबा, रडू आलं तरी थांबू नकोस. मी लिहून घेईन. यापुढे डॉक्टरांना ते मलाच सांगायचंय.

तुझीच,
दिपाली