पालकाच्या सहीची जागा

बाळा,

तू दुपारी कामावरून येशील तेव्हा मी आणि तुझी लेक शाळेत असू. भाजी झाकून ठेवली आहे, नुसती गरम कर. तुझा उत्पन्नाचा दाखला झेरॉक्ससाठी न विचारता नेतेय. रागावायचं असेल तर संध्याकाळी रागाव.

विद्यापीठाचा खर्च कसा भागवायचा, हे आज बाई मुलांना समजावणार आहेत. शिष्यवृत्तीवर शिकलेली आजी म्हणून मलाही बोलावलंय. मी माझी फजिती सांगणार आहे. सहा महिन्यांचे पैसे एकदम हातात आले आणि मी पहिल्याच आठवड्यात लाल सायकल घेतली! मग मैत्रिणीच्या डब्यात जेवले, पण तिला रोज डबलसीट नेलं.

काल तुझ्या लेकीबरोबर बसून मी महिन्याचा खर्च मांडला. फी माफ झाली आणि वसतिगृहाचा भत्ता मिळाला, तर घरून फक्त जेवणाचे पैसे लागतील. “म्हणजे मी जाऊ शकते, आजी?” म्हणत तिने अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला.

“परवडणार नाही” असं तिला सांगून तू त्या दिवशी ताटावरून उठलास, ते मी पाहिलं होतं. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा बाणा तू तुझ्या वडिलांकडून घेतलास. पण हे पैसे पोरीला तिच्या अभ्यासाच्या जोरावर मिळणार आहेत रे.

शिष्यवृत्तीचा फॉर्म टेबलावर आहे. तुझ्या सहीची जागा तेवढी मोकळी आहे. शाळेचं ऑफिस पाचला बंद होतं आणि आजच शेवटची तारीख आहे. दाढी राहिली तरी चालेल, पण फॉर्म घेऊन तूच ये. तुझी लेक फाटकाशी उभी असेल.

आई