रतनदादा रिसोड

अनसिंग,
१३ जुलै २०२५

ती. सौ. हीरावहिनींस,
त्रिशलाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुम्ही आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोन बंद आहे, एवढंच. मीच बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते शोधायला दहा मिनिटं लावली.

तुमच्या कानावर काही आलंच असेल. तरी माझ्याकडून ऐका. शाळा उघडण्याआधी दुकानात वह्या भरायच्या होत्या. हे गेल्यापासून वाशीमचे ठोक व्यापारी मला उधारीवर माल द्यायचे, यंदा त्यांनी रोख मागितली. फोनवर एक ॲप होतं, पाच मिनिटांत वीस हजार म्हणालं. पाच मिनिटांत आलेही, पण तेरा हजार दोनशे. बाकीचे कशाचे कापले ते इंग्रजीत होतं. आणि मुदत फक्त सात दिवसांची आहे हे पैसे खात्यात पडल्यावर कळलं.

आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. वह्या विकत गेल्या तसतशी मी भरत गेले. जूनअखेर वीसच्या वीस हजार भरून झाले, तरी दंड म्हणतात, आणखी कसला तरी आकार म्हणतात, आणि शिव्या देतात.

मला देतात त्याचं आता काही वाटत नाही. पण ॲप घेताना त्यानं कसली तरी परवानगी मागितली, मी हो म्हटलं, आणि माझ्या फोनमधली एकशे सदतीस नावं त्यांच्याकडे गेली. मी नावं कशी लिहिते ते तुम्हाला माहीत आहे. नुसतं नाव मला लिहवत नाही. हीरावहिनी. रतनदादा रिसोड. मावससासूबाई कारंजा. कोणाला फोन केला म्हणजे माझ्या जिव्हारी लागेल, हे त्यांना शोधावंच लागलं नाही. मीच लिहून ठेवलं होतं.

दादांना मी चार वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. त्यांनाही या लोकांचा फोन आला असेल का? तेवढंच कळवा. रागवायचं असेल तर रागवा, पण दोन ओळी पाठवा.

तुमची,
त्रिशला


रिसोड,
२१ जुलै २०२५

चि. त्रिशलास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. जयजिनेंद्र.

तुयं पत्र ग्यानबा हमालानं दुकानातून उचलून सिधं स्वयंपाकघरात आणून देलं, तुया दादाच्या नजरेस पडू देलं नाई. मी बोलते तसंच लिवते, हासू नको. लग्न झाल्यापासून किराण्याच्या यादीपलीकडं मी काई लिवलं नाई.

आधी रागावून घेते. वीस हजारासाठी फोनच्या पाया पडली, मले काहून नाई बोलली? तू नऊ वर्साची असतानी मी या घरात आली. तुया वेण्या मी घातल्या, तुया उवा मी काढल्या, अन् गरज पडली त मी परकी. बरं, झालं रागावून.

मलेही फोन आला होता. त्यानं हिंदीत सुरू केलं, मी वऱ्हाडीत सुरू केलं. दोन मिनिटांत त्यानंच ठेवला. मले तुयी लाज नाई वाटली. कोण्या मायचं लेकरू असलं काम करून राह्यलं म्हणून जीव कसातरी झाला.

पण तुया दादाचं मले समजून नाई राह्यलं. जूनच्या शेवटी एक दिवस दुकानातून आले ते जेवलेच नाईत. तवापासून तुयं नाव काढलं का उठून जातात. त्रिशलाचा फोन आला होता का म्हणून विचारलं, त म्हणे सोयाबीनचा भाव पडला. म्या विचारलं काय, हे सांगतात काय! काल आपणच म्हणाले, यंदा राखीले येऊ नको म्हणून तिले कळव. काहून, ते नाई सांगतलं. मले हे लिवतानी लय जड जाऊन राह्यलं, पण न लिवावं त तू येऊन दारात उभी राहशील.

राखी पोस्टानं धाड. जेवत जाय. तू जेवत नसशील हे मले इथं बसून दिसते.

तुयीच,
हीरावहिनी


अनसिंग,
१४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

राखी पोहोचली असेल. सोबत चार अक्षता टाकल्या होत्या, त्या पाकिटाबाहेर सांडल्या नसल्या म्हणजे झालं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा राखीच्या दिवशी मी दुकान उघडं ठेवलं. तीन पेन्सिली विकल्या.

एक गोष्ट घडली ती सांगते. इथल्या बँकेत रत्नमाला मॅडम आहेत. त्यांनी ग्रामपंचायतीत कर्जाविषयी माहितीची सभा घेतली. नऊ जण आलो, त्यातले पाच बाहेर पाऊस होता म्हणून आत शिरलेले. मॅडमनी सांगितलं, की वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा नियम आहे. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा नियम आहे. ॲपनं फोनमधली नावं उचलायची नाहीत. आणि कर्जाआधीच, आपल्याला कळेल अशा भाषेत एक कागद द्यायचा, की हातात किती येणार, परत किती द्यायचे, केव्हा द्यायचे. हे सगळं लिहिलेलं आहे, वहिनी. ऐकता ऐकता मला रडू आलं. मी आपली समजत होते की सगळी चूक माझी. माझी आहेच, पण एकटीची नाही, हे कळायला दोन महिने गेले.

मॅडम स्वतःही थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, हे नियम अजून आवळायला हवेत, पण वर बसलेल्यांना वाटतं खाली सगळं सुरळीत आहे, कारण लाजेपायी कोणी लिहीतच नाही. त्या ॲपच्या मागे एक नोंदणी असलेली वित्त कंपनी आहे, ती त्यांनी शोधून काढली. ५ ऑगस्टला तिच्या तक्रार अधिकाऱ्याला माझं पत्र गेलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

पण पुरावा हवा. मला आलेले मेसेज मी किळस येऊन खोडून टाकले. आता ज्यांना फोन आले त्यांनीच तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते लिहून द्यायला पाहिजे. मारोतराव गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, झालं गेलं सोडून दे पोरी. ठोक व्यापारी म्हणाले, मला फोनच आला नाही. आणि हे म्हणताना वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ करत राहिले. ज्याला शिव्या पडल्या तोच चोरी केल्यासारखा लपवतो. मी त्यांना काय बोलू, मीही तेच केलं.

दादांना विचाराल का? कोणती गाडी केव्हा आली, कोणाचा फोन किती वाजता आला, सगळं ते खिशातल्या डायरीत टिपतात. लहानपणी मी चिडवायचे, दादा शिंकले तरी वेळ लिहितील. त्यांच्या डायरीइतका पक्का पुरावा मला कोणाकडे मिळणार नाही. पण खरं सांगू? पुरावा राहू दे. त्यांना माझ्याविषयी काय सांगितलं गेलं आणि त्यांनी त्यातलं किती खरं मानलं, एवढं कळलं तरी पुरे.

तुमच्या मायेत आहे तशीच राहू द्या.
त्रिशला


रिसोड,
३१ ऑगस्ट २०२५

चि. त्रिशलास,
आशीर्वाद. जयजिनेंद्र.

पर्युषण सुरू हाय. मी एकच वेळ जेवते, म्हणून अक्षर अजूनच वाकडं येऊन राह्यलं.

तुया दादाले विचारलं. दोनदा विचारलं. पहिल्यांदा ऐकू न आल्यासारखं केलं, दुसऱ्यांदा चप्पल घालून निघून गेले. घरातच होतो आमी, अन् मंदिराची वेळही नव्हती.

एक सांगू का नको असं झालं. पर्वाच्या पहिल्या दिवशी मंदिरात अभिषेकाची बोली लागली. दरसाल हे त्यासाठी वर्सभर डब्यात पैसे टाकतात, पहिला अभिषेक आपलाच असते. यंदा खाली मान घालून बसले. बाजूच्यांनी कोपर मारलं तरी तोंड उघडलं नाई. घरी येऊन डबा पाह्यला त रिकामा. कोनाले देले, कायले देले, विचाराची मले हिंमत झाली नाई.

राखी त्यायनं बांधली नाई. पण फेकलीही नाई. परवा सदरा धुवाले घेतला त खिशातल्या डायरीत राखी निघाली, अक्षतासकट. डायरी उघडून पाहावी असं लय वाटलं. पण इतक्या वर्सात कधी उघडली नाई, अन् आता पर्युषणात कायले ते पाप करू. राखी होती तशी ठेवली अन् सदरा न धुताच खुंटीले टांगला.

तुयं काम माया हातून नाई झालं. आता तूच लिव. क्षमावाणी आठ दिवसांवर हाय. त्या दिवशी क्षमा मागणाऱ्याले कोनी रिकामं धाडत नाई, तुया दादालेही धाडता येनार नाई.

तुयीच,
हीरावहिनी


अनसिंग,
८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

ती. रतनदादांस,
सविनय जयजिनेंद्र.

वर्षभरात माझ्या मनानं, बोलण्यानं, वागण्यानं, कळत नकळत तुम्ही दुखावला असाल तर उत्तम क्षमा. दरवर्षी आपण हे छापील पाठवतो आणि कोणाला कशाची क्षमा मागतोय ते माहीत नसतं. यंदा मला नेमकं माहीत आहे. माझ्या फोनमध्ये तुमचं नाव होतं म्हणून कोणीतरी तुम्हाला काहीतरी बोललं. ज्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत अशा त्रेसष्ट जणांना मी हेच कार्ड हातानं लिहिलं. तुमचं सगळ्यांत शेवटी, कारण तेच लिहवत नव्हतं.

मागणं काही नाही. आशीर्वाद तेवढा असू द्या.
त्रिशला


रिसोड,
१९ सप्टेंबर २०२५

चि. त्रिशलास,
अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळाले. तुला काय हवे आहे ते तुझ्या वहिनीकडून कळले आहे. डायरीतून उतरवून देतो.

२० जून, सकाळी ६.५०. पुरुषाचा आवाज, हिंदी. तुमची बहीण कुठे आहे, विचारले. मी म्हणालो, तिच्या घरी. २३ जून, रात्री ९.१५. तोच आवाज. तुझ्याबद्दल घाणेरडे बोलला. शब्द वेगळ्या कागदावर लिहून, पाकिटात बंद करून सोबत जोडले आहेत. तू ते उघडू नको, बँकेच्या बाईंना दे. २४ जून, दिवसभरात अकरा वेळा. २७ जून, रात्री ८.४०. त्या वेळी अडतीत सहा व्यापारी बसले होते. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकला. त्याने मला रतनदादा म्हटले. म्हणाला, रतनदादा, बहिणीला सांभाळता येत नाही का?

मला तसे म्हणणारी जगात तू एकटी. त्याच्या तोंडून ते ऐकून माझे डोके ठिकाणावर राहिले नाही.

मी समोरच्याचेच नव्हे, स्वतःचे बोलणेही टिपतो, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, ती आमची कोणी नाही, इकडे पुन्हा फोन करायचा नाही. ग्यानबा तिथेच पोती मोजत होता. त्याने मोजणे थांबवले.

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या नंबरावर अकरा हजार पाठवले, अभिषेकाच्या डब्यातले. वाटले, निदान एवढे तरी करावे. पावती सोबत आहे. आठ दिवस शांत गेले, मग परत सुरू. तुझे चार फोन आले, त्यांच्याही वेळा डायरीत आहेत. उचलून काय बोलणार होतो? राखीला तू समोर बसून हात पुढे करा म्हणाली असतीस, तर हात पुढे झाला नसता. म्हणून येऊ नको म्हणालो. राग तुझ्यावर कधीच नव्हता.

ते वाक्य गाळून नक्कल द्यावी असे मनात होते. तसे दोन कागद केले आणि फाडले. तक्रारीत ते जसेच्या तसे जाऊ दे. नियम करणाऱ्यांना कळू दे, की फोनवरचा माणूस पैशांखेरीज काय काय वसूल करतो.

उत्तम क्षमा. मी मोठा असून मागतो आहे.

राखी काल ग्यानबाकडून बांधून घेतली. गाठ पोत्याची आहे, सुटत नाही.

तुझा,
दादा


अनसिंग,
३ ऑक्टोबर २०२५

ती. रतनदादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं. गिऱ्हाईक होतं, त्याला खोडरबराऐवजी शार्पनर दिलं.

त्रेसष्ट कार्डांपैकी एकोणीस जणांची उत्तरं आली. क्षमा असावी, क्षमा आहे, असं लिहून खाली प्रत्येकानं हळूच लिहिलं होतं, की मलाही अमुक तारखेला इतक्या वाजता फोन आला होता. मारोतराव गुरुजींनी तर शिव्यांसकट लिहिलं आणि शुद्धलेखनाची एक चूक केली नाही. ठोक व्यापाऱ्यांनी सही करून कागद पाठवला, सोबत शंभर पानी वह्यांचा एक गठ्ठा, उधारीवर. भाजीवाल्या कमलीबाईचा पत्ता माझ्याकडे नव्हता, त्या आपण होऊन आल्या. त्यांनी त्या माणसाला विचारलं होतं, भाजी पायजे का? नाई त फोन ठेव, माया गिऱ्हाइकाचा खोळंबा करू नको. तेही आम्ही लिहून घेतलं आणि त्यांचा अंगठा घेतला.

कंपनीचं उत्तर आलंच नाही. परवा सगळे कागद स्पीड पोस्टानं चंदीगडला लोकपालाच्या कार्यालयाकडे पाठवले. तुमचं वाक्य ठेवलं आहे. झेरॉक्सवाल्यानं ते वाचलं, मी वाचू दिलं. मॅडम म्हणतात, निकालाला महिने लागतील आणि तो आपल्या बाजूनं लागेलच असं नाही. तुमचे अकरा हजार येतील असंही नाही. दादा, मी दमले आहे. फार आशा धरायची ताकद उरलेली नाही. पण त्या पाकिटात वीस जणांच्या सह्या आहेत, ते पाकीट पोस्टाच्या खिडकीतून आत गेलं तेव्हा हात हलके झाले.

ते बंद पाकीट मी उघडलं नाही. खरंच.

फोन बाहेर काढला आहे. मॅडमनी सांगितलं, आता नावापुढे नातं लिहू नका, नुसतं नाव लिहा. मी बसून एकेक नातं पुसलं. वहिनी नुसत्या हीराबाई झाल्या, त्यांना सांगू नका. मग तुमच्यापाशी आले. रतनलाल असं लिहिलं, पाहिलं, आणि पुन्हा होतं तसं केलं.

तेव्हा फोन करा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही वेळ त्यांच्यासाठी आहे. तुम्ही केव्हाही करा.

तुमची,
त्रिशला