भुरीच्या गाठीचा पूर्वपक्ष

आसेगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. वैभवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. भुरीच्या पोटाखाली, डाव्या बाजूच्या शेवटच्या सडाजवळ गाठ आली आहे. आषाढात ती हरभऱ्याएवढी होती; आज बोराएवढी आहे. चिंतेचे कारण नाही, असे माझे मत. या मताला आधार देणारे हेतू तीन. दाबल्यास ती कण्हत नाही. भाकर पूर्ण खाते. आणि कुत्र्याच्या नवव्या वर्षी देहावर काही ना काही उगवतेच. तुझ्या आजीला हे मान्य नाही. परवा तिने गाठीवर बिब्बा लावला. तेवढ्यावर भागेल, असे मीही म्हणालो.

तू पशुवैद्यकाच्या चौथ्या वर्षात आहेस, म्हणून मत मागवतो. फोन करू नये. फोनवर तुझी आजी मधेच बोलते आणि मुद्दा सुटतो.

लोभ आहेच, वाढवण्यास जागा असल्यास वाढवावा.

आबा

अकोला,
८ ऑगस्ट २०२५

ती. आबांच्या चरणी वैभवीचा सा. न. वि. वि.

तुमचे तिन्ही हेतू सदोष आहेत. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हे म्हणणे धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही म्हणण्यासारखे आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर कुठे असतो, हे दहावीच्या सुट्टीत तर्कशास्त्र शिकवताना मला कोणी विचारले होते? भूक शाबूत असणे हाही पुरावा नाही, आणि वय म्हणजे निदान नव्हे. तुमच्या पत्रातले एकच वाक्य कामाचे: महिन्याभरात हरभऱ्याचे बोर झाले.

बिब्बा आजच थांबवा. त्याने कातडी भाजते, फोड येतो, आणि मग गाठ किती व सूज किती हे आम्हालाही कळत नाही. आजीवर राग नाही. पण जखम सुकेपर्यंत आठ दिवस जातील, आणि तेवढे भुरीजवळ आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. जखम सुकताच, सोमवारी, १८ तारखेला तिला इथे आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात आणा. आमच्या मॅडम छातीचा एक्स-रे पाहून शस्त्रक्रियेचे ठरवतील.

वाद घातला तरी माया कमी करू नये.

तुमची वैभवी

आसेगाव,
६ सप्टेंबर २०२५

चि. वैभवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. टाके सुकले. गुलाबसिंगच्या ज्या जीपमधून भुरीला अकोल्यास नेले, तिच्यावरच ती आता भुंकते. अहवाल काल आला. गाठ कर्करोगाचीच होती. मात्र कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, आणि छातीत काही नव्हते हे तू पाहिलेच आहेस. दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागेल. आणखी एक महिना माझ्या तर्कावर काढला असता, तर हे लिहिता आले नसते.

अकोल्यात तपासणीच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. मॅडमनी विचारताच तू गाठीची जागा, वाढ, बिब्ब्याची जखम, सारे क्रमाने सांगितलेस. एक शब्द अधिक नाही. अशी मांडणी कुठे शिकलीस, असे त्यांनी विचारले तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलेस. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कारण विचारू नये.

तुझी आजी गावभर सांगत फिरते, "चाळीस वर्सं ह्याहिनं वादात साऱ्याहिले हरवलं, अन् माह्या नातीनं एका कागदात ह्याहिले गप केलं." विधान तपासले; अतिशयोक्ती आढळली नाही.

काल दुकानदार फय्याजभाई आपल्या शेळीच्या जबड्याखालची गाठ दाखवून, बिब्बा लावू का, असे विचारू लागले. मी मत दिले नाही. तुझा पत्ता लिहून दिला.

माझे पहिले पत्र फाडू नकोस. खंडन जपायचे, तर ज्याचे खंडन झाले तो पूर्वपक्षही सोबत ठेवावा लागतो.

लोभात आता वाढीस जागा उरलेली नाही. आहे तो तसाच असू द्यावा.

तुझा हरलेला,
आबा