तोफ वाजते याचा पुरावा

३ जून

तोफ वाजते याचा पुरावा आणा म्हणे! उभी हयात तोफेशेजारी काढून बाबा बहिरे झाले आणि कचेरीतला चष्मेवाला मला विचारतो, "बहिरेपण नोकरीतच आलं कशावरून? वयानेही येतं." म्हटलं, "मग तोफा काय अंगाई गातात?" त्याने फाइल मिटली. अपंगत्वाची पेन्शन हुकली तर खापर माझ्या डोक्यावर. आई म्हणते, "तुझ्या तोंडामुळे कॉलेज गेलं, आता पेन्शनही घालव."

५ जून

बाबांच्या कानांची तपासणी. तपासणारी मुलगी – काय लिहू! दोन्ही कान जवळपास गेलेत, हे तिला मला दोनदा सांगावं लागलं. "तुमचेही तपासायचे का?" म्हणाली. हो म्हणणारच होतो.

मी बाबांच्या कानाशी ओरडत होतो. तर म्हणे, "ओरडू नका. समोर बसून बोला. ते ओठ वाचतात."

आवाज काय गोड. सल्ला डोक्यावरून गेला.

८ जून

तीच डोक्यात.

१२ जून

पेन्शनच्या वैद्यकीय बोर्डापुढे बाबा बुटांना पॉलिश करून गेले. तीन डॉक्टर, मधला लष्करातलाच. त्याने विचारलं, "काय, सगळं ठीक?" बाबा ताडकन उभे – "ठीक, साहेब!" मी कपाळावर हात मारून घेतला.

नोकरीभर हेच केलं. कान वाजतात म्हणणाऱ्याला तोफेवरून काढून कोठारात बसवायचे. तेवढी नामुष्की कुणाला हवी? सगळे मूग गिळून बसले. आता बोर्ड म्हणतं, तेव्हाची तक्रार नाही, म्हणजे तेव्हा दुखणंही नाही. ओरडला नाही ना, मग लागलंच नाही! साक्षीदार आणा, पुन्हा या.

बाहेर आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. बाबा पुढे चालत राहिले. वळूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणापासून हेच. कॉलेज सोडलं तेव्हाही पेपराआडून नुसतं "हं". चार शिव्या तरी द्यायच्या!

१४ जून

बाबांच्या तोफेवरच्या जोडीदाराला फोन केला. तो ठार बहिरा. "गॅस नकोय," म्हणाला आणि ठेवला.

१८ जून

शेवटी साक्षीला आई. "तू काय सांगणार, कप्पाळ?" मी म्हटलं. तिने मला गप्प बसवलं आणि बोर्डाला सांगितलं, "हा जन्मला तेव्हा हे तोफेवरच होते. रजेवर आले. हा पाळण्यात बेंबीच्या देठापासून बोंबलतोय आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. मी भांडले. मग कळलं."

मधल्या डॉक्टरने बाबांकडे नीट तोंड करून विचारलं, "सगळं ठीक?"

बाबा उठले. आईकडे पाहिलं.

"नाही, साहेब. ऐकू येत नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "याचा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही."

२७ जून

मंजूर. चष्मेवाल्याने शिक्का असा मारला, जणू त्याच्याच खिशातून जातंय.

घरी आलो. बाबांच्या हातातला पेपर काढून घेतला, समोर बसलो आणि कॉलेज का सोडलं ते पहिल्यापासून सांगितलं. हळू. तोंड दिसेल असं.

भरपूर शिव्या खाल्ल्या.